अर्धी मठारलेली तपेली

तो गुरुवार इतका साधा होता की त्यातलं काही जपून ठेवावं, असं कुणी सांगितलं असतं तरी तिला हसू आलं असतं. बस वेळेवर आली. खिडकीशी जागा मिळाली. छत्री उगाच बरोबर घेतली होती. शब्दकोशाच्या कचेरीतून तिने दुपारपर्यंत सुटी काढली होती आणि पिशवीत एक कार्ड होतं, ते भरून आणायला ती वडिलांच्या दुकानात निघाली होती.

कार्डाच्या डोक्यावर शब्द लिहिलेला होता : मठारणे. खाली अर्थासाठी चार रेघा कोऱ्या. त्याखाली माहिती देणाऱ्याचं नाव, धंदा आणि शेवटचा रकाना, संपादकाशी, म्हणजे तिच्याशी, संबंध. नाव आणि धंदा तिने बसमध्येच लिहून टाकले. शेवटच्या रकान्यापाशी पेन जरा अडलं. मग तिने लिहिलं, परिचित. नात्यातल्या माणसाची साक्ष कमी धरतात, असं तिने स्वतःला समजावलं. ते खरं नव्हतं. तसा नियम कचेरीत कधीच नव्हता, आणि असता तर तो तिला सगळ्यांच्या आधी माहीत असता.

तांबटाचं दुकान शोधावं लागत नाही. ते आधी ऐकू येतं, मग दिसतं. लहानपणी शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशीच तिला कळायचं, आत काय चाललंय ते. जड, सावकाश ठोका म्हणजे पत्र्याला खोली देणं चालू आहे. ठोका मध्येच थांबून भात्याचा सुस्कारा ऐकू आला की समजावं, भांडं तापतंय. आणि हलका, एकसारखा, घड्याळाच्या वरताण ठोका म्हणजे मठारणं. ते चालू असताना वडिलांशी कुणी बोलायचं नाही, असा घरचा दंडक होता. ती जन्मली ती बातमी घेऊन माणूस दुकानात धावत आला, तेव्हा ते एक घागर मठारत होते. त्यांनी मान हलवली, घागर पुरी केली आणि मग उठले. आई हे शेवटपर्यंत ऐकवत असे. "पोरीपेक्षा घागर मोठी," म्हणायची. वडील म्हणायचे, "पोर काही पळून जात नव्हती. घागरीला मात्र सांधा दिसला असता."

कारण त्यांचा नियम होता, मठारायला घेतलेलं भांडं त्याच बैठकीत संपवायचं. उद्याचा हात आजच्यासारखा पडत नाही. जिथे थांबलो तिथे रेघ दिसते, आणि ती जन्मभर दिसते.

ती पोहोचली तेव्हा ते जमिनीत रोवलेल्या लोखंडी खुंट्यासमोर बसले होते. मांडीवर चामड्याचं फडकं, नाकावर दोरीने बांधलेला चष्मा. समोर एक तांब्याची तपेली होती, आकार झालेली, पण रंगाने काळपट लाल, निस्तेज. पलीकडे काका, म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, एका परातीची कड वळवत बसला होता.

"आल्या, शब्दवाल्या बाई आल्या," काका म्हणाला. "दादा, जपून बोल आता. बोललास की छापून येतं."

"तुझं काही छापण्याजोगं आहे का?" वडील म्हणाले आणि तिला लाकडी ठोकळा सरकवून दिला. "बस. चहा सांगू?"

"नको. बाबा, मला बाराला परत जायचंय. एका शब्दाचा अर्थ हवाय. दोन ओळींत सांगा."

"कुठला?"

"मठारणे."

वडिलांनी हातोडी खाली ठेवली. चष्मा काढून फडक्याने पुसला, पुन्हा लावला. तेवढा वेळ काका कड वळवायचा थांबला होता, हे तिच्या लक्षात आलं, पण का, ते आलं नाही.

"दोन ओळींत," वडील म्हणाले. "चाळीस वर्षं मान मोडली, आणि दोन ओळी. बरं, अंगठा आण इकडे."

"अंगठा?"

"सही नाही घेत तुझी. दाब इथे."

तिने तपेलीच्या बाजूवर अंगठा दाबला. तांबं जरासं आत गेलं आणि तिथे उथळ पोचा राहिला. तिने दचकून हात मागे घेतला.

"राहू दे, निघतो तो. हे बघ, तापवलं की तांबं मऊ पडतं. मऊ असतं म्हणून आकार घेतं. पण आकार आला म्हणजे भांडं झालं, असं नाही. अंगात दम नसतो त्याच्या. पाणी भरून उचललंस तर वाकेल. मग त्याला थंडपणी ठोकायचं. बुडाच्या मधोमध सुरुवात, आणि तिथून गोल गोल बाहेर. ठोक्याला ठोका चिकटून. तीळभर जागा सुटली की नेमका तिथेच पोचा येणार."

त्यांनी तपेली खुंट्यावर पालथी घातली आणि ठोके द्यायला सुरुवात केली. ती बघत राहिली. बुडावर मधोमध एक चकचकीत ठिपका उमटला, मग त्याला लागून दुसरा, मग ठिपक्यांचं वेटोळं वाढत गेलं. हातोडी तीच, उंची तीच, अंतर तेच. फिरत होती ती तपेली, डाव्या हाताच्या चार बोटांवर. बूड संपल्यावर ते थांबले.

"आता दाब."

तिने दाबलं. मग दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. बूड हललं नाही.

"आणि ही चमक?" तिने विचारलं. "लोक तर चमकेसाठी घेतात."

"घेऊ देत. चमक आम्ही करत नाही, ती होते. दिसायला बरं म्हणून कुणी दिवसभर हात मोडून घेत नाही, बाळ. भांडं टिकावं म्हणून करतो. दिसतं ते फुकटात."

तिने ते भराभर लिहून घेतलं. वडील वाकून कार्ड वाचत होते. वाचायची त्यांना हौस होती. औषधाच्या बाटलीवरचा कागदही ते शेवटपर्यंत वाचत. त्यांची नजर खाली खाली गेली, शेवटच्या रकान्यावर टेकली, आणि तिला बसमधला तो क्षण आठवला.

"परिचित," त्यांनी मोठ्याने वाचलं. काकाने मान वर केली. "बरोबर आहे. थोडाफार परिचय आहे आपला."

ते हसले होते. खरंच हसले होते, ओठ दाबून, घागरीची गोष्ट सांगताना हसत तसे. तिने काहीतरी म्हणायला हवं होतं. ती म्हणाली, "तो कचेरीचा मामला असतो, बाबा." आणि घड्याळ बघितलं.

"जा, उशीर होईल. पण उद्या परत ये. अर्धंच सांगून झालंय."

"आज संध्याकाळपर्यंत तपेली होईल ना पुरी?"

"उद्या ये," ते म्हणाले आणि हातोडी उचलली. गल्लीच्या तोंडापर्यंत ठोका तिच्या पाठीमागून येत राहिला.

शुक्रवारी सकाळी, चहाचा कप हातात असताना, ते गेले. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसणार. लोक असं म्हणतात आणि आपण ते धरून ठेवतो.

पुढचे दिवस येणाऱ्या-जाणाऱ्यांत गेले. कचेरीतून मुख्य संपादक आले, सगळे त्यांना सर म्हणत. त्यांच्याबरोबर व्युत्पत्ती पाहणारे गृहस्थ, कचेरीचे व्युत्पत्तीवाले, आले. घरात सगळ्या भांड्यांवर तेच ठिपके होते, पाण्याच्या पिंपापासून ताटल्यांपर्यंत, पण दुःखाच्या घरी कुणी भांडी निरखत नाही. सर हळू आवाजात म्हणाले, "वडिलांचा धातूंचा कारखाना होता ना?" तिने मान हलवली. होकाराची की नकाराची, हे त्यांच्यावर सोडून दिलं. एकोणीस वर्षांपूर्वी नोकरीच्या मुलाखतीत तिने म्हटलं होतं, "धातुकामाचा व्यवसाय आहे." त्या वाक्याला पुढे कचेरीने आपोआप भिंती घातल्या, छप्पर चढवलं, कामगार भरले. तिने फक्त कधी दार उघडून दाखवलं नाही.

दहाव्या दिवशी ती दुकानात गेली. काका एकटाच बसला होता, हात रिकामे. खुंट्यावर तपेली पालथी होती आणि तिच्यावर खडूने फुली मारलेली होती. हात लावू नये, अशी त्या दोघांची खूण.

तपेली अर्धीच झालेली होती. बुडापासून कमरेपर्यंत ठिपक्याला ठिपका लागलेला, उजेड पडला की शहारल्यासारखी चमकणारी. कमरेपासून तोंडापर्यंत काळपट, मुकी. मधली रेघ सरळ होती, जणू दोरी धरून आखलेली.

"ते थकले होते का त्या दिवशी?" तिने विचारलं.

"थकतोय कसला. दुपारी तीनलाच थांबला. मी म्हटलं, दादा, संपव की. तर म्हणाला, नाही, पोरीला दाखवायचंय, हात लावू नकोस." काकाने फडक्याने नाक पुसलं. "जन्मात भांडं अर्धं टाकलं नाही त्याने. तू झालीस तेव्हाही टाकलं नव्हतं. मला रात्रभर रुखरुख लागली होती. आता मीच पुरी करतो. रेघ दिसेल, पण काय करणार."

ती तपेलीपाशी बसली आणि तिने ती खुंट्यावरून काढून सुलटी ठेवली. वरच्या भागावर अंगठा दाबला. तांबं आत गेलं. खालच्या भागावर दाबला; जागचं हललं नाही. मग तिने बोटाने टिचकी मारली. वरून आवाज आला तो पुठ्ठ्यासारखा. खालून मात्र लांबट, स्वच्छ नाद उठला आणि दुकानभर फिरून आला.

वरचा भाग त्यांनी विसरून किंवा थकून सोडलेला नव्हता. सांगायचं राहिलेलं अर्धं ते हेच होतं. चाळीस वर्षांचा नियम त्यांनी तिच्या चार रेघांसाठी मोडला होता.

"काका, पुरी नका करू. मला ही कचेरीत न्यायचीय."

"अशी?" काका उठून उभाच राहिला. "दादाचं अर्धवट काम चार लोकांपुढे मांडणार? म्हणतील, म्हाताऱ्याचा हात गेला होता."

"पुरी केली तर काही दिसणारच नाही. भांडं चांगलं आहे, एवढंच म्हणतील. मठारण्याने काय होतं, ते अर्ध्यातच दिसतं."

काका रेघेकडे वाकला. मग त्यानेही टिचकी मारली, वर आणि खाली. "लबाड," तो भावाला उद्देशून म्हणाला आणि खाली बसला.

थोड्या वेळाने त्याने फळीवरून एक जाड पुस्तक काढलं, कापडात गुंडाळलेलं. शब्दकोशाची मागची आवृत्ती. "हे गिऱ्हाइकांना दाखवायचा. माझ्या मुलीने केलंय म्हणून. लोक तपेली घ्यायला येत आणि शब्दकोश बघून जात. एक पान मात्र कधी उघडायचा नाही."

तिला कुठलं ते विचारावं लागलं नाही. ते पान तिला तोंडपाठ होतं. मठारणे : धातूच्या भांड्यावर शोभेसाठी हातोडीने खुणा उठवणे. एकोणीस वर्षांपूर्वीची तिची नोंद. जुन्या दोन कोशांमध्ये जे होतं, ते तिने मुकाट्याने उतरवून घेतलं होतं. ज्या घरात हा ठोका ऐकत ती झोपली आणि उठली, त्या घरातल्या मुलीने. खरा अर्थ लिहायचा तर कुणीतरी विचारलं असतं, तुम्हाला कसं ठाऊक?

"त्यांना माहीत होतं," ती म्हणाली.

"पहिल्या दिवशीच वाचलं त्याने. मी म्हटलं, चल, पोरीला सांगू. तर म्हणाला, एवढ्या जाड पुस्तकात तिचा एक ठोका चुकला. बाकीचे मोज की."

पुस्तक तिने पुन्हा कापडात गुंडाळलं, कापडाची टोकं नीट आत खोचली आणि फळीवर होतं तिथेच ठेवलं.

म अक्षराचं काम त्या सोमवारी बंद व्हायचं होतं. एकदा बंद झालं की पुढची दहा-पंधरा वर्षं कुणी त्याला हात लावत नाही. बैठकीच्या लांब टेबलाशी सर मधोमध, त्यांच्या उजवीकडे व्युत्पत्तीवाले. त्यांना शब्दाचा पणजोबा विचारला तर ते आनंदाने सांगत, पण शब्द आज कुठे राहतो आणि काय खातो, याची त्यांना फारशी चौकशी नसे.

तिच्या कार्डाची पाळी आली. सरांनी ते वाचून दाखवलं : तापवल्यामुळे मऊ पडलेल्या धातूच्या भांड्यावर, ते थंड असताना, हातोडीचे एकमेकांस लागून ठोके देऊन त्यास कठीण व टिकाऊ करणे, अशा ठोक्यांनी येणारी चमक हा या क्रियेचा परिणाम होय, हेतू नव्हे.

"हे सगळंच उलटं झालं की," व्युत्पत्तीवाले म्हणाले. "जुने दोन्ही कोश शोभेसाठी म्हणतात. आणि मागच्या आवृत्तीतली नोंद तर बाईंचीच आहे. बाई, तुम्हीच तुमच्याविरुद्ध?"

"हो. ती नोंद चूक आहे."

"आधार काय? छापील?"

"छापील नाही. हा आहे."

तिने पिशवीतून तपेली काढली आणि टेबलावर ठेवली, सुलटी. खडूची फुली तिने पुसली नव्हती. कुणीतरी खुर्ची मागे सरकवली.

"सर, वर दाबून बघा. अंगठ्याने. आता खाली."

सरांनी आधी अवघडून दाबलं, मग जोर लावून. वर पोचा आला आणि त्यांचा चेहरा काच फुटल्यावर पोराचा होतो तसा झाला. खाली काहीच झालं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. मग व्युत्पत्तीवाल्यांनी तपेली ओढून घेतली, चष्मा वर केला, दोन्हीकडे दाबलं, टिचकी मारली, वर एकदा, खाली दोनदा. खालचा नाद विरेपर्यंत ते कान लावून बसले.

"एकच पत्रा आहे?" त्यांनी विचारलं.

"एकच. फरक फक्त ठोक्यांचा."

"काय एकसारखे आहेत हो," ते अगदी वेगळ्या आवाजात म्हणाले आणि ठिपक्यांवरून बोट फिरवू लागले. "मशीनवर केलेत?"

"हाताने."

"चाळीसेक वर्षांचा हात असणार. पण एवढा कसबी माणूस वस्तू अर्धी का सोडेल?"

"मुद्दाम. आपल्याला कळावं म्हणून."

सरांनी कार्ड पुन्हा जवळ घेतलं. "मग प्रश्नच मिटला. जुन्या कोशकारांनी भांडं पाहिलं, काम करताना पाहिलं नाही." त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि शेवटच्या रकान्यावर थांबले. "फक्त आधार तोंडी आहे, तेव्हा हा रकाना नीट भरलेला लागेल. नाव आहे, धंदा तांबट, संबंध... परिचित. हे गृहस्थ कुठले? एकदा भेटायला हवं त्यांना. असे अजून पन्नास शब्द असतील त्यांच्यापाशी."

"होते," ती म्हणाली. "ते गेले, सर. तुम्ही येऊन गेलात घरी."

सरांनी मान वर केली. तिने हात पुढे करून कार्ड आपल्याकडे ओढलं, परिचित या शब्दावर एक सरळ रेघ मारली आणि तिच्यावर नवा शब्द लिहिला. लिहून झाल्यावर कार्ड परत सरकवलं. पण लिहिलेलं सर वाचतील आणि मनातच ठेवतील, एवढ्यावर तिला हे सोडायचं नव्हतं. ती उभी राहिली. तपेलीवर, जिथे ठिपके संपत होते तिथे, तिचा हात होता.

"ते माझे वडील," ती म्हणाली. "आमचा कारखाना कधीच नव्हता. एक दुकान आहे, त्यात एक खुंटा आणि चार हातोड्या. मागच्या वेळी ही नोंद करताना मला खरा अर्थ माहीत होता, तरी मी तो लिहिला नाही, कारण तो मला कुठून माहीत, हे सांगावं लागलं असतं. मी तांबटाची मुलगी आहे. हे ठोके माझ्या बाबांचे आहेत."